अर्ध्या कोयत्याची होडी

मला होडी वल्हवता येत नाही. पोहताही बेताचंच येतं. घरात मासेमारी कुणी केलेली नाही आणि कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच. तरी होड्यांबद्दल लिहायला बसलो आहे, त्याबद्दल जाणकारांनी आधीच क्षमा करावी. लिहितोय ते एका कारणासाठी. त्या होड्यांच्या अहवालावर माझी सही होती आणि अहवाल चुकला होता.

मी मत्स्यशास्त्राच्या चौथ्या वर्षाला आहे. या वर्षी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी एखाद्या मच्छीमार सोसायटीवर पाठवतात. मला केज तालुक्यातला एक तलाव मिळाला. श्रावणात महिनाभर आणि दिवाळीनंतर महिनाभर, असे दोन टप्पे. काम एकच होतं. सोसायटीचे सभासद थर्माकोलवर बसून मासे धरत होते. त्यांना सरकारी योजनेतून फायबरच्या होड्या द्यायच्या का, आणि किती, ते ठरवायला माहिती गोळा करायची.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. थर्माकोलचे जाड ठोकळे एकत्र करतात, वरून जुनं जाळं गुंडाळतात, नायलॉनच्या दोरीनं घट्ट आवळतात. झाला तराफा. तिकडे त्यालाही नुसतं 'थर्माकोल'च म्हणतात. त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन छोट्या फळ्या धरून पाणी मागं सारायचं. बूड कायम ओलं. थंडीत पाय बधिर होतात. तराफा उलटला तर माणूस पाण्यात. शिवाय त्याचे कण झडतात आणि माशांच्या पोटात जातात. म्हणून योजनेत एक अट होती. होडी हवी असेल तर थर्माकोल जमा करायचा आणि पुन्हा वापरायचा नाही.

श्रावणात तपासणीसाठी एक फायबरची होडी आणली होती. सोसायटीचे चेअरमन रामभाऊ म्हणजे हसतमुख माणूस. माझ्या हातात पॅड बघून पहिल्या दिवसापासून मला 'सर' म्हणायचे, आणि त्यात थोडी चेष्टा असायची. त्यांनी एकेका जोडीला होडीत बसवलं. एकानं वल्ही मारायची, दुसऱ्यानं जाळं टाकायचं. सगळ्यांना पसंत पडली. बसायला फळी, पाठीमागे मासे ठेवायला जागा, कपडे कोरडे.

सभासदांत गयाबाई होत्या. वय साठीच्या आसपास, नवरा वारून बरीच वर्षं झालेली. त्या एकट्याच थर्माकोलवर जायच्या. त्या दिवशी रामभाऊंच्या सुनेनं वल्ही घेतली आणि गयाबाई पुढं बसल्या. फेरी मारून आल्या, लुगडं चाचपून पाहिलं. म्हणाल्या, "ही तर बाजंवानी हाय. गुडघे लई दुखतेत थर्माकोलवर." मी ते वाक्य शब्दशः टिपून घेतलं. अहवालात घालायला चांगलं होतं.

मग मी सभासद मोजले. चोवीस जण. एका होडीला दोन माणसं, म्हणजे बारा होड्या. प्रत्येकाला विचारलं, होडी हवी का. सगळे हो म्हणाले. चोवीस थर्माकोल जमा होतील असं लिहिलं, खाली सही केली आणि अहवाल मत्स्यव्यवसाय कार्यालयात दिला. तिथल्या साहेबांनी वाचून मान हलवली. "आकडे स्वच्छ आहेत," म्हणाले. मला दोन दिवस बरं वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर दुसऱ्या टप्प्यासाठी गेलो. जीपमधून उतरून तलावाकडे चालत गेलो, तर तपासणीची होडी काठावर पालथी पडलेली. खाली कुत्रीनं पिल्लं घातली होती. पाणी श्रावणातल्या जागेवरून बरंच मागं गेलं होतं आणि मध्ये घोट्याएवढा चिखल. दूर पाण्यावर तीन-चार थर्माकोल दिसत होते. त्यातला एक गयाबाईंचा.

त्या काठाला आल्या. थर्माकोल उचलून डोक्यावर घेतला आणि चिखल तुडवत वर आल्या. मी विचारलं, होडी का नेत नाही, श्रावणात तर आवडली होती.

"कावून म्हंजे? ती ढकलायला चार माणसं लागतेत. न् आत गेल्यावर दुसरं लागतंय."

मी म्हणालो, दुसरं माणूस घ्यायचं सोबत. सभासद आहेत की एवढे.

त्यांनी थर्माकोल खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "लेकरा, तुजे मायबाप कुटं हायत आत्ता?"

माझे आईवडील ऊसतोडीला गेले होते. दसरा झाला की जातात, गुढीपाडव्याच्या पुढेमागे येतात. आमचं गाव धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात आहे, तिथं दिवाळीनंतर म्हातारी आणि शाळेतली पोरं एवढीच उरतात. या सोसायटीतलेही निम्म्याहून जास्त सभासद तसेच गेलेले. मी माणसं श्रावणात मोजली होती. श्रावणात आमच्याकडे सगळे घरीच असतात. आणि तलावात मासा चांगला मिळतो तो हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर.

हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्याच घरातला.

गयाबाई मासे पाटीत टाकता टाकता म्हणाल्या, "कारखान्यावर माजा अर्धा कोयता. म्हनून मुकादम न्हेत न्हाई. आन् हितं अर्धी होडी. जायचं कुटं मी?"

कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार हे खरं, पण टोळीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत सहसा कुणी घेत नाही. गयाबाई तलावावर राहिल्या त्या यामुळेच. माझ्या अहवालाप्रमाणे त्यांचा थर्माकोल जमा होणार होता आणि त्यांना अर्धी होडी मिळणार होती. थर्माकोल गेला की त्यांचं पाण्यावर जाणंच बंद.

दुसऱ्या दिवशी मी रामभाऊंना घेऊन फायबरच्या होडीतून पाण्यावर गेलो. एकट्यानं का जमत नाही ते डोळ्यांनी बघायचं होतं. रामभाऊंनी मला वल्ह्यांना हात लावू दिला नाही. जाळ्यापाशी पोचल्यावर ते ओढायला त्यांनी वल्ही सोडली. होडीची बाजू उंच, तिला वारा लागला आणि ती फिरून थेट जाळ्यावर गेली. थर्माकोल पाण्याला चिकटून असतो, त्याला वारा सापडत नाही. धरलेलं जाळंच त्याला जागेवर ठेवतं. रामभाऊ गुंता सोडवत म्हणाले, "सर, ही चूक अहवालात घाला. आमची न्हाई, वाऱ्याची."

श्रावणात का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले की मी होडी हवी का असं विचारलं होतं, कधी हवी असं विचारलं नव्हतं. आणि फुकट मिळणारी वस्तू नको म्हणायची पद्धत त्यांच्यात नाही.

मी कार्यालयात गेलो. रस्त्यात काय बोलायचं ते तीनदा ठरवलं आणि आत गेल्यावर विसरलो. जसं घडलं तसं सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू कुठला?"

"धारूरकडचा, सर."

"आईवडील काय करतात?"

"ऊसतोडीला जातात."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुझ्या लक्षात आलं नाही. मग माझ्या कसं यावं?"

ते म्हणाले, अहवाल वर गेला आहे, दुरुस्ती पाठवायची तर 'माहिती गोळा करताना माझी चूक झाली' असं सहीनिशी लिहून द्यावं लागेल. तो कागद माझ्या कॉलेजलाही जाईल, त्यावर गुण अवलंबून असतील.

"लिहितोस?"

"लिहितो, सर."

"आणि नुसतं हे नको म्हणून भागत नाही. काय पाहिजे ते आण. मोजमापासकट. महिन्याच्या आत."

काय पाहिजे ते मलाही माहीत नव्हतं. एकट्यानं उचलता येईल, वारा लागणार नाही आणि बूड कोरडं राहील, एवढंच माहीत होतं. केजमध्ये धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणारे एक मिस्त्री आहेत. त्यांना मी वहीत चित्र काढून दाखवलं. अरुंद, सपाट तळाची, काठ बसलेल्या माणसाच्या गुडघ्याइतकेच, एकट्यापुरती होडी. मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि ही कोठी आडवी का ठेवायची असं विचारलं. पण आठवड्यात करून दिली. जीपच्या टपावर बांधून आणली.

गयाबाई म्हणाल्या, आधी मीच बसते. काठाजवळच पाण्यात ढकलली. बसल्या, फळ्यांनी पाणी मारत पुढं गेल्या, वाऱ्यात होडी फिरली नाही. आम्ही खूश. मग जाळं उचलायला त्या एका बाजूला वाकल्या. होडी कलली, काठावरून पाणी आत आलं आणि गयाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. काठावरचे दोघंतिघं हसले. रामभाऊ म्हणाले, "कोठी बुडाली, दाणे भिजले."

गयाबाई हसल्या नाहीत. होडी ओढत काठाला आणली, पालथी करून पाणी काढलं आणि घराकडे गेल्या. मला वाटलं, आता काही त्या परत येत नाहीत. अर्ध्या तासानं त्या आल्या त्या डोक्यावर एक जुना, काळा पडलेला थर्माकोल घेऊन. नवऱ्याचा होता. इतकी वर्षं घरामागं भिंतीला टेकवून ठेवलेला. त्यांनी विळ्यानं दोऱ्या कापल्या, दोन लांब ठोकळे निवडले आणि होडीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून बांधायला लागल्या. मी काय करताय विचारलं.

"पवाय शिकताना पाठीला डबा बांधतेत का न्हाई? तसंच हिला."

पुन्हा पाण्यात गेल्या. एका बाजूला वाकल्या, मग दुसऱ्या. होडी थोडी झुकायची आणि थांबायची. त्यांनी जाळं उचललं, दोन चिलापी मासे काढले, परत टाकलं. बसायची फळी कोरडी होती.

पुढचे दहा दिवस मी चार सभासदांना आळीपाळीनं त्या होडीत बसवलं. दोघांनी बसायची जागा वीतभर मागं घ्यायला सांगितली, ती घेतली. उघडा थर्माकोल चालणार नव्हताच, म्हणून दोन्ही बाजूंना बंद कप्पे ठेवून आत हवा राहील असं चित्र मिस्त्रींकडून काढून घेतलं. मग दुरुस्ती लिहिली. पहिलं वाक्य माझ्या चुकीचं. त्याखाली महिनावार तक्ता, कोणत्या महिन्यात किती सभासद गावात असतात त्याचा. मागणी चार मोठ्या होड्या आणि सोळा छोट्या. साहेबांनी वाचलं. आकडे स्वच्छ आहेत असं या वेळी म्हणाले नाहीत. सही केली आणि वर पाठवलं.

गुण थोडे कमी मिळाले. ते बरोबरच होतं. एक गोष्ट मात्र पक्की कळली. आमच्या भागात माणसं मोजली की शेजारच्या रकान्यात महिना लिहावा.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. तलावावर रेंज नसते. पाडवा झाला, आईवडील गावी परतले, माझी परीक्षा सुरू झाली. मध्ये एकदा रामभाऊंचा फोन लागला. होड्या आल्या होत्या, मोठ्या चार आणि छोट्या सोळा. वाटपाच्या दिवशी सगळ्यांनी थर्माकोल जमा केले, फोटो काढले. गयाबाईंनी तेवढा दिला नाही. पंधरा दिवस वापरून बघते, मग सांगते म्हणाल्या. साहेबांनी तेवढं चालवून घेतलं.

पंधराचे पंचवीस दिवस झाले. मी दोनदा फोन केला, लागला नाही. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी रामभाऊंचाच आला.

"सर, गयाबाईनं थर्माकोल आनून टाकला. सकाळीच. सवता, डोक्यावर घिऊन."

मी विचारलं, काही म्हणाल्या का.

"काय न्हाई. जमा केल्याची पावती मागितली."