आरसा पिशवीतच होता

"अहो, मी आरसा पिशवीतून बाहेर काढलाच नव्हता, आणि तुम्ही फोनवर म्हणताय, दिसला, दिसला! काय दिसलं तुम्हाला? माझं कपाळ?"

"काढला असशील. विसरली असशील."

"विसरायला ते काय भाजीतलं मीठ आहे? पिशवीची चेन अडकली होती. मी ती ओढत होते, तेवढ्यात तुमचा हुकूम आला, झालं, ये खाली."

"मग मी काय खोटं बोललो?"

"तेच विचारतेय."

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. "जेवताना भांडू नये. अंगी लागत नाही."

"तुमच्या मुलाच्या अंगी सगळं लागतं, सासूबाई. एक माझं बोलणं तेवढं लागत नाही."

एरवी यावर तो हसला असता. आज त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

धंद्यात त्याला सगळे दुर्बिणे म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दोन गच्च्यांवर समोरासमोर डिश बसवून हवेतून इंटरनेट न्यायचं काम अनेकजण करत. पण दोन गच्च्यांच्या मधली वाट मोकळी आहे की नाही, हे पाहायला बोलावणं दुर्बिणेला येई. आधी लेक संगणकावर नकाशा काढे. कुठे चढ, कुठे उतार, रेघ कुठून जाते. मग तो स्वतः दुर्बीण घेऊन एका टोकाच्या खांबावर चढे आणि दुसऱ्या टोकाच्या गच्चीवरून बायको आरशाने उन्हाची तिरीप पाडे. तिरीप दिसली की वाट आहे. पण नुसती दिसून भागत नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. रेघेच्या भोवती काकडीसारखी जागा मोकळी लागते, टोकांना बारीक, मध्ये फुगीर. त्या फुगीर भागात झाड किंवा भिंत घुसली की लिंक चालते, पण लंगडत. त्यामुळे तिरीप दिसल्यावरही तो बराच वेळ दुर्बिणीतून आजूबाजूचं पाहत बसे. बायको गच्चीवर उन्हात उभी राहून त्याच्या नावाने बोटं मोडी.

हल्ली तो फार वेळ पाहत नसे. दिसला, झालं, ये खाली. ऊन वाचलं म्हणून ती खूशच होती. आज पहिल्यांदा तिला त्या घाईचा संशय आला.

"परवा माणसं डिश चढवायला येणार आहेत," लेक म्हणाली. ती इतका वेळ गप्प जेवत होती. "बाबा, हे प्रसूतिगृहाचं काम आहे."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. नदीपलीकडच्या छोट्या प्रसूतिगृहात डॉक्टर नसे, नर्सबाईच असत. पोटातल्या बाळाचे ठोके नदीअलीकडच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांना पडद्यावर दिसावेत, म्हणून ही लिंक. ती लंगडली तर ठोके मध्येच थांबणार. आणि ते लिंकचे थांबले की बाळाचे, हे डॉक्टरांना कळणार कसं?

"नकाशा काय म्हणतो?" त्याने विचारलं.

"मोकळं म्हणतो. पण नकाशा जुना आहे. मी चढून बघते ना. शिकलेय, पट्टा बांधता येतो, परीक्षासुद्धा दिलीय..."

"नाव काढू नकोस," आई म्हणाली. हे ती इतक्या वेळा म्हणाली होती, की लेकीने वाक्य अर्ध्यावर सोडायची सवयच करून घेतली होती. "एक माणूस वर लटकतो तेवढं पुरे आहे या घराला. उद्या आजच्याच वेळी पुन्हा जायचं. मी आरसा दाखवीन, तुम्ही सांगायचं."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो."

दुसऱ्या दिवशी ती प्रसूतिगृहाच्या गच्चीवर पोहोचली तेव्हा तिथे चादरी वाळत होत्या. दोन चादरी सरकवून तिने कठड्यापाशी जागा केली. चेन अडकू नये म्हणून आज आरसा टॉवेलात गुंडाळून आणला होता. फोनवर तिघंही एकदम होती: ती इथे, तो रुग्णालयाच्या खांबावर, लेक खांबाच्या पायथ्याशी.

तिरीप नेमकी पाडायची तर डाव्या हाताची दोन बोटं फाकवून समोर धरायची, लांबचा खांब बोटांच्या बेचक्यात आणायचा आणि तिरीप बोटांवर आली की समजायचं, तिकडे पोहोचली. तिने बोटं धरली. लाल-पांढरा खांब काडीएवढा बेचक्यात आला. आणि एका बोटाला चिकटून, खांबाच्या अगदी अंगाशी दिसेल अशी, वाटेच्या मध्यावर एक नवी इमारत उभी होती. जिन्याला दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत काच. ऊन तिथेही चमकत असणार, त्याच्या बाजूने.

काल आरसाच काढला नाही, म्हणून बोटं धरली नाहीत. बोटं धरली नाहीत, म्हणून इमारत दिसली नाही. पण तो तर वर होता. दुर्बीण त्याच्या हातात होती.

तिने दोनदा तिरीप पाडली. "बघा."

"दिसला."

"किती वेळा?"

"दोन... तीन वेळा."

"बरं." तिने आरसा कठड्यावर पालथा घातला आणि वर पिशवी ठेवली. "आता?"

"आता एकदम लख्ख! हे बघ, हलतही नाही. उगाच वेड्यासारखी मला..."

ती चादरींच्या मधे खाली बसली.

"आई?" लेकीचा आवाज.

"खाली आण त्यांना."

"अगं, लख्ख दिसतंय म्हणतोय ना मी!"

"आरसा पालथा आहे. तुम्ही जिन्याची काच बघताय."

गळ्यातली दुर्बीण खांबावर आपटल्याचा आवाज आला. मग पट्ट्याच्या हुकांचा. उतरताना एक हुक खालच्या कडीत अडकवायचा, मगच वरचा सोडायचा. हे तो झोपेतही करेल असं ती शेजारणींना अभिमानाने सांगायची. ती उठून कठड्याला धरून उभी राहिली. काडीवर एक ठिपका. एवढंच.

"बाबा, थांबा." लेक ओरडली नाही. ताटात वाढताना बोलावं तशी बोलली. "वरचा हुक सोडू नका. खालचा कडीत नाही, कडीच्या बाजूला लटकतोय."

"अडकवला मी."

"नाही अडकला. मला दिसतंय. वरचा हात तसाच ठेवा. उजवा खाली घ्या. अजून थोडा. आता डावीकडे. बघू नका, चाचपा. कडी गार लागेल."

"इथे काही नाही गं." त्याचा आवाज तिने कधी न ऐकलेला, लहान.

"आहे. एक बोट पुढे."

नदीपलीकडे, भर उन्हात, ती नवऱ्याचा श्वास ऐकत होती. धावली असती तरी पूल ओलांडेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असतं. तिने तोंडात पदर धरला, म्हणजे तिचा आवाज मधे जायला नको.

टक.

"बसला. आता वरचा सोडा. छान. पुढची कडी. तसंच. मी आहे."

प्रत्येक कडीला तोच आवाज. ना चढला, ना कापला. पाय जमिनीला लागल्यावर मात्र लेक म्हणाली, "आई, उतरले," आणि मग फोनवर नुसती हुंदके देत राहिली.

घरी आला तो सरळ आपल्या खुर्चीत बसला. सासूबाईंनी पाणी दिलं. "झालं का रे काम?"

"हवेत धूळ होती फार," तो म्हणाला.

"धूळ डोळ्यांत आहे," बायको म्हणाली. "कधीपासून?"

तो पेला फिरवत राहिला. "दिव्यांना पिसारे दिसायला लागून वर्ष झालं असेल."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? हिला तू चढू देत नाहीस. मग लोक कशाला बोलावतील? दुर्बिणे म्हणून दारात बसून राहायचं?"

वर्षभर तो तिच्या 'नाव काढू नकोस'च्या आधाराने वर लटकत होता, हे तिला आत्ता कळलं, आणि राग कुणाचा करावा तेच कळेना. लेक दारात उभी राहून तळहातावरची खांबाच्या गंजाची रेघ चोळत होती.

आईने हात पुसले.

"रुग्णालयात फोन केलाय मी. वाट मोकळी नाही, मधे इमारत आहे, आम्ही काल सांगितलं ते चूक होतं, असं सांगितलं. माणसं उद्या यायची नाहीत. खांब वाढवल्यावर पुन्हा बघायचं. आरसा मी धरीन. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाल. वर ही चढेल."