पुलाखालचा हिराजी

हिराजी गेला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही त्याचा मेव्हणा माहुलहून घाटकोपरला आमच्या दारात येऊन उभा राहिला म्हणून. दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. तो आत येईना. दारातूनच म्हणाला, "वाशीच्या पुलाखाली जाळ्यावर होता. वरून नारळ आला, डोक्यात बसला. होडीतच गेला..." मग हिराजीच्या बायकोचा निरोप सांगितला, "यमुना बोलली, मास्तरला सांगून ये. आनि अर्जाचा काय झाला ता बी इचार." मी मास्तर नाही, तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, पण शाळेत हिराजीचे निबंध मी लिहून द्यायचो, तेव्हापासून त्याच्या घरात माझं नाव मास्तर. अर्जाचं काय झालं ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. आता महिना होत आला. सांगून टाकतो.

आम्ही तेव्हा चेंबूरला राहायचो. हिराजी आणि मी एका बाकावर. त्याच्या डब्यातला सुका जवळा मी खायचो, माझी घावणं तो. नववीत शाळा सोडून तो बापाच्या होडीवर गेला. खाडीवर पूल बांधायचं ठरलं, तेव्हा पाणी कुठे किती खोल आहे ते बघायला आलेल्या साहेबांना त्याच्या बापानेच होडीतून फिरवलं होतं. हिराजी सांगायचा असा की जणू पूल यांच्या घरचाच. तोवर मुंबईतून वाशीला जायचं म्हणजे ठाण्याला वळसा. पूल सुरू झाला तेव्हा अख्खं माहुल नटूनथटून तो बघायला गेलं, हिराजीच्या आईने कठड्याला हळदकुंकू लावलं. रविवारी लोक वारा खायला यायचे, नवीन जोडपी टॅक्सी थांबवून फोटो काढायची. आणि मग कुणीतरी वरून पहिला नारळ टाकला. कुणी, ते कुणालाच ठाऊक नाही. आपल्याकडे रीत पडायला लागतं काय? दोघांनी केलं की तिसरा हात जोडतो. दहा वर्षांत निर्माल्य, फुटक्या तसबिरी, घटाचे नारळ, सगळं त्या कठड्यावरून जाऊ लागलं. पुलाच्या मध्यावर आलं की ड्रायव्हर आपणहून गाडी हळू करायला लागले.

आमचं घर काही निराळं नव्हतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली तशी आईची व्रतं वाढली. दर गुरुवारी माझ्या डब्याच्या पिशवीत निर्माल्याची पुडी. "खाडी ओलांडताना रित्या हातान जावचा नाय," हे तिचं ठरलेलं. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्याच पिशवीत असायची. खिडकीपाशी बसणाऱ्याने सगळ्यांची टाकायची. हिराजीला हे माहीत होतं. सुरुवातीला तो हसायचा. पाण्यावर तरंगणारे नारळ गोळा करून घरी न्यायचा आणि मी जेवायला गेलो की यमुनाला म्हणायचा, "वाढ गो मास्तरला, त्यांच्याच देवाचा नारळ हाय कालवनात." आम्ही तिघंही हसायचो. मी चांगला दोनदा भात घ्यायचो.

मग दोन वर्षांपूर्वी एक नारळ त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं. चार महिने जाळं ओढता आलं नाही, यमुना मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरली. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर होता, हात गळ्यात. पहिल्यांदाच मला तो चिडलेला दिसला. म्हणाला, "आमी बी नारळ देताव रे दर्याला. पन हातानं पान्यात सोडताव. कुनाच्या टाळक्यात नाय घालत." मग शांतपणे म्हणाला, "तू अर्ज लिव. कठड्याला जाळी लावा, एक पाटी लावा. तुज्या बसमधल्या लोकांच्या सह्या घे. आमच्या सह्या कोन बघतो?"

अर्ज मी लिहिला. झकास लिहिला, निबंधासारखा. पण सह्या घ्यायच्या म्हणजे बसमध्ये उभं राहून सांगायचं, की बाबांनो, टाकू नका. पहिल्याच दिवशी शेजारच्याला दाखवला तर तो म्हणाला, "काय रे, देवधर्माच्या मागे लागलास? युनियनमध्ये शिरलास की काय?" बसभर खसखस पिकली. मीही हसलो आणि कागद घडी करून खिशात घातला. घरी आईपुढे तर काढलाच नाही. हिराजी विचारायचा, तेव्हा मी म्हणायचो, दिलाय, वर गेलाय, सरकारी काम आहे... आणि त्याला ते पटायचं, कारण मास्तर सांगतोय. त्याच भरवशावर तो पुन्हा पुलाखाली जाळं टाकायला लागला. दुसरीकडे जा म्हणून यमुना भांडायची. तो म्हणायचा, आता जाळी लागंल.

आणि मी काय करत होतो? दिव्याचे खांब मोजत होतो. हिराजी कुठल्या खांबांच्या मध्ये असतो ते मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्या बऱ्याच आधी, मानखुर्दच्या बाजूलाच पुडी टाकून मोकळा व्हायचो. केवढी ही मैत्री! खाली दुसरा कुणी असला तर असो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही मी खांब मोजले आणि आईने दिलेला घटाचा नारळ तिथेच टाकला. ओहोटी लागली की हिराजी जागा बदलतो, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तो गेला तो त्याच सकाळी. त्या दिवशी शेकडो गाड्या गेल्या, शेकडो नारळ पडले, हे मी स्वतःला रोज सांगतो.

बाराव्याला गेलो. यमुना मला बघून उठली, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "मास्तर, अर्ज दिला व्हता ना?" मी म्हटलं, "दिला होता, वहिनी." तिने मान हलवली. म्हणाली, "मग तुमी तरी काय करनार." यमुनाला वाचता येत नाही. तिची थोरली सातवीत आहे, ती हे तिला वाचून दाखवील म्हणूनच लिहितोय. समोर बसून सांगायची माझी छाती नाही.

परवा रविवारी बहिणीकडे वाशीला निघालो होतो. पुलाच्या मध्यावर बस हळू झाली, पूर्वीपेक्षा जास्तच. ड्रायव्हरने हात जोडले. शेजारच्या बाईने पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढे धरला. "भाऊ, तुम्ही खिडकीशी आहात, जरा टाका ना. इथे दसऱ्याला कोळी गेला म्हणे, देवीनेच नेला. तेव्हापासून जागा फार कडक झालीय." माझ्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य निघालं. "बाई, खाली माणसं असतात." तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, माझ्या अंगावरून वाकून खिडकीबाहेर हात काढला आणि नारळ भिरकावला. मी खिडकीतून डोकं काढून खाली बघायला गेलो, तर कठडा मध्ये आला. कुणी ओरडलं असेल तर ते बसच्या आवाजात ऐकू आलं नाही.