‘चुकलं साहेब’ म्हणायला मी त्याला पाठवलं

चार वर्षं हे माझ्या तोंडून निघालं नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आता सांगतोय — पण कीव करू नका, ती मला नकोय.

आधी घरचं सांगतो. इचलकरंजीत वडील यंत्रमाग कामगार, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मी आठवीत असताना कारखान्यातून सूत चोरीला गेलं आणि वडिलांना चौकीत बोलावलं. त्यांनी काही घेतलं नव्हतं. पण चुलते म्हणाले, "जा, हात जोड, चुकलं साहेब म्हण. मिटतंय." वडील इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तसंच म्हणाले. मिटलं नाही. तेच कागदावर उतरवून घेतलं, खाली सही घेतली. काम गेलं. वर्षभर एकाही मालकानं त्यांना मागावर उभं केलं नाही.

घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्याच रागावर. त्यामुळं ते दोन शब्द काय करतात हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची मला सोय नाही.

पुढं मास्टर्सला जर्मनीत गेलो. फ्लॅटमध्ये मी आणि सागर — सोलापूरचा, मोठ्यानं हसणारा, पाव विकत घेण्यापुरतंच जर्मन येणारा. सरकारी पत्रं मी वाचायचो म्हणून तो मला ‘पंडित’ म्हणायचा. एका शनिवारी जुना सोफा आणायला त्यानं आपल्या नावावर व्हॅन भाड्यानं घेतली. सोफा उतरवला आणि तो पाय जोडत बसला. मी व्हॅन घेऊन एकटाच ग्रोसरीला गेलो. वळताना एका उभ्या गाडीला घासली. आवाज झाला. मी ऐकला. आणि — थांबलो नाही. संध्याकाळी व्हॅन परत करायला तोच गेला.

तीन आठवड्यांनी पोलिसांचं पत्र. सागरच्या नावानं.

"वाच की पंडित. जेलात घालतायत का मेडल देतायत?"

अपघात करून पळाल्याचा आरोप, आरोपी म्हणून चौकशीला या, असं लिहिलं होतं. तिथला कायदा मला माहीत होता. युनिव्हर्सिटीतल्या व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आरोपीला पोलिसांनी बोलावलं तर जायची सक्ती नाही. सरकारी वकिलानं किंवा न्यायाधीशानं बोलावलं तर जावंच लागतं. नाव-पत्ता खरा द्यायचा, बाकी गप्प बसता येतं — आणि गप्प बसला म्हणून कुणी दोषी धरू शकत नाही. आधी वकील करायचा, त्यानं फाइल बघायची, मग बोलायचं का ते ठरवायचं.

यातलं मी त्याला काय सांगितलं? काही नाही. फाइल उघडली असती तर अपघाताची नेमकी वेळ निघाली असती. वेळ निघाली की मी निघालो असतो.

मी म्हणालो, "जावंच लागतं. लावताना लागली असेल, सॉरी म्हण. मिटतंय."

चुलत्यांचेच शब्द. सागरही इस्त्रीचा शर्ट घालून गेला. अधिकाऱ्यानं वेळ-बिळ विचारायच्या आत म्हणून मोकळा — आवाज आला असेल, घाबरलो असेन, सॉरी. खटला न चालवताच शिक्षेचा हुकूम पोस्टानं आला. तोही मीच वाचला. हरकत घ्यायला दोन आठवडे होते. ते दोन आठवडे गप्प बसलो ते मी.

कॅनडासाठी दोघांनी बरोबरच अप्लाय केलं. कधी शिक्षा झाली आहे का, असा प्रश्न फॉर्मवर होता. त्यानं ‘हो’ लिहिलं. मी ‘नाही’ लिहिलं. दोघांचंही खरंच होतं, नाही का?

आज मी कॅनडातल्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात तपासणीवर इंजिनिअर आहे. दारावर नखाएवढा ओरखडा दिसला तरी गाडी बाजूला काढतो. सागर सोलापुरात. पहिला बर्फ पडला की त्याचा मेसेज यायचा — "पंडित, शोव्हल केलंस का रे?"

गरिबाघरचं पोर, भ्यालं असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. भ्यालो ते गाडीत. पत्र वाचताना डोकं शांत होतं. वडिलांना यात मी ओढणार नाही. त्यांनी खोटं बोलून दुसऱ्या कुणाला चौकीत पाठवलं नव्हतं.

माझ्या गुन्ह्यावर खटला भरायची मुदत पाच वर्षांची. आणखी एक वर्ष तोंड मिटून राहिलो असतो तर मला कुणी हात लावला नसता. हेही पहिल्या रांगेतच शिकलेलं. फेब्रुवारीत जर्मनीतल्या वकीलबाईंमार्फत सगळं लिहून दिलं. मग बायकोला सांगितलं, आणि सागरला फोन केला. केस पुन्हा उघडायच्या अर्जावर त्याची सही लागणार होती. ‘पंडित’ म्हणाला नाही. म्हणाला, "सुनील, सही कुठं करायची तेवढं पाठव."

गेल्या आठवड्यात पोलिसांचं पत्र आलं. आरोपी म्हणून, माझ्या नावानं. वकीलबाई म्हणतात, जायची सक्ती नाही, उगाच जाल आणि कॅनडात कायम राहायचा परवाना, पीआर, घालवून बसाल. सक्ती नाही, हे मला त्यांच्याआधी माहीत होतं. तिकीट काढलंय.

सागरची केस कोर्टानं पुन्हा उघडली आहे.