भावजींनी बांधलेली गुटी

…नाही, 'सुरी' खोड आणि 'कात्री' लिही. फांदीची साल सुरीनं काढायची असते हे मलाही ठाऊक आहे. पण माझे धाकटे दीर शिंपी. त्यांनी सुरीला हातही लावला नाही, काजं कापायची बारीक कात्री घेतली आणि तिथंच सगळं बिनसलं. पण थांब, ते नंतर. आधी माणूस कोण ते सांगू दे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही म्हातारी कुणाची सालं काढायला बसलीये.

मी बोलते तसंच लिही हं. मध्ये तुझं शहाणपण घालू नकोस.

तर आम्ही वरच्या मजल्यावर, भावजी आणि माझी धाकटी जाऊ खाली. त्यांची रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान. दाराशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना अर्धवट शर्ट टांगलेले, कुणाला एक बाही नाही, कुणाला कॉलर नाही. मधल्या खोलीत संसार. आणि मागचं दार उघडलं की एवढंसं अंगण, कपडे वाळत घालायची दोरी, आणि कोपऱ्यात धाकटीचा पेरू.

सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माणूस कापडाला जपणारा. इतर शिंपी उरलेलं कापड गिळतात, भावजी कतरणसुद्धा पुडीत बांधून गिऱ्हाईकाला परत देतात. शर्टाच्या कापडातून पोराची टोपी काढून दाखवतील. आणि त्यांची ती मोठी कात्री! तिला कापडाशिवाय काही लावायचं नाही. मी एकदा गडबडीत तिनं दुधाची पिशवी कापली होती. त्यांनी कात्री पुसत माझ्याकडं असं बघितलं, की मी त्या दिवसापासून पिशवी दातानं फाडते.

झाडाझुडपाचं मात्र त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. अंगण धाकटीचं, मशीन त्यांचं, अशी सरळ वाटणी होती.

तो पेरूही कुणी लावलेला नव्हता. धाकटीनं कधीतरी किडका पेरू दारातून भिरकावला, तो उगवला. पण फळ काय होतं म्हणून सांगू! आतून गुलाबी, बी अगदी कमी, आणि पिकला की वास जिना चढून माझ्या खोलीत यायचा. तिनं त्याच्या बिया किती ठिकाणी लावून बघितल्या. उगवायच्या, वाढायच्या, पण फळ कुठलं आतून पांढरं, कुठलं दगडासारखं. ह्याच्यासारखं एकही नाही.

आता ह्या पेरूनं एक उद्योग केला. मुळं घातली सांडपाण्याच्या पाइपात. मोरीतलं पाणी जाईना, वास सुटला. घरमालक चांगला माणूस, चूक त्याची काही नव्हती. तो पँटचं माप द्यायला दुकानात आला आणि म्हणाला, "मास्तर, पाइप बदलायचा तर ते झाड काढावं लागेल. चालेल ना?" भावजी त्याच्या पायाशी उकिडवे बसलेले, तोंडात टाचण्या, डोक्यात पँटच्या उंचीचं माप. त्यांनी मान डोलावली. नीट ऐकलं, कळलं, आणि डोलावली. त्यांना वाटलं, झाड ते झाड, त्यात काय.

घरमालक तसाच मागं जाऊन धाकटीला म्हणाला, "पावसाळा संपून जमीन वाळली की माणसं लावतो. मास्तर हो म्हणालेत."

झालं. धाकटीनं अबोला धरला. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं तोंडाला कुलूप. आणि मधे मला बसवलं.

"जाऊबाई, त्यांना सांगा चहा ठेवलाय." ते हाताच्या अंतरावर मशीन चालवतायत बरं का.

मी म्हणायची, "भावजी, चहा ठेवलाय."

"वहिनी, तिला म्हणावं साखर कमी आहे."

"त्यांना सांगा, गोड बोलायचं होतं तेव्हा टाचण्या चावत बसले, आता साखर मागतायत."

मी म्हटलं, अगं, पोस्टमनला पगार तरी असतो! पण कुणी हसेना.

भावजींना झाडाचं कळत नव्हतं, पण बायकोचं कळत होतं. त्यांनी गुपचूप पेरूच्या काड्या तोडून पेल्यात पाणी घालून मशीनवर ठेवल्या. कुजल्या. मातीत खोचल्या, वाळल्या. मग एक दिवस जिन्याखाली उभं राहून हळूच म्हणाले, "वहिनी, चला ना त्या वळणावरच्या नर्सरीत. मला एकट्याला काय बोलायचं ते सुचत नाही."

"भावजी, झाडांशी नाही बोलायचं, तिथल्या बाईशी बोलायचंय."

"ते तर त्याहून सुचत नाही."

गेलो. नर्सरीवाली बाई म्हणजे उन्हातही पुरुषी रेनकोट घालून हिंडणारी. कोपरापर्यंत माती. ती म्हणाली, "काय पाहिजे?"

"पेरू."

"कुठला?"

"आमचाच."

"तुमचाच आहे तर माझ्याकडं कशाला आलात?"

मग मी तोंड घातलं आणि सगळं सांगितलं, अबोल्यासकट. ती म्हणाली, बिया विसरा, काड्या विसरा, गुटी बांधा. तिथल्याच एका झाडाची फांदी धरून तिनं करून दाखवलं. फांदी कापायची नाही. झाडावरच राहू द्यायची आणि तिच्या सालीची बांगडी तेवढी सोलून काढायची. "पानांनी केलेलं जेवण सालीतून खाली उतरतं," ती म्हणाली. "ती वाट तोडली की जेवण तिथंच अडतं. मग फांदी म्हणते, चला, इथंच मुळं फोडू." सोललेल्या जागेवर ओलं शेवाळ पिळून लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, दोन्ही टोकं आवळायची आणि विसरून जायचं. मुळं भरली, की त्यांच्या खालून फांदी कापायची, झालं तयार झाड. तिनं वाळलेलं शेवाळ पुडीत बांधून दिलं. भावजी मान डोलावत होते. मी मनात म्हटलं, देवा, हे पुन्हा मान डोलावतायत.

घरी येऊन त्यांनी बांधली गुटी. धाकटी माळ्यावरचं आवरतीये असं बघून. काजाची कात्री घेतली, आणि बाईनं दोन बोटं रुंद साल काढा म्हटलं होतं, ह्यांनी काढली काजाएवढी. नखभर! चांगली हिरवी साल, वाया कशाला घालवायची, हा हिशेब. खालचा बुळबुळीत थर खरवडायचा होता, तोही ठेवला, "लाकूड कसं गुळगुळीत दिसत होतं, वहिनी." आणि प्लास्टिक? छे. फांदीला त्यांनी अस्तराच्या कापडाची बाही शिवली. दुहेरी शिलाई, आणि उघडायला बटणं! झाड नटून उभं राहिलं. शेजारपाजारचे विचारायचे, फांदी मोडलीये का?

पावसाळाभर ते रोज मागं जायचे, बटणं काढायचे, बघायचे, पाणी शिंपडायचे, बटणं लावायचे. धाकटी मला म्हणायची, "त्यांना विचारा, झाडाला ताप आलाय का."

पाऊस उघडला. भावजींनी बाही सोडली, शेवाळ बाजूला केलं, आणि तसेच उभे राहिले. मी वरून विचारलं, "काय झालं?" खाली जाऊन बघते, तर मुळाचं नाव नाही. सालीची ती काजाएवढी फट अशी सफाईनं बुजलेली, की कुठं कापलं होतं ते शोधावं लागत होतं.

त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना. गिऱ्हाईकाचा कोट उलटा शिवला असता तरी एवढे खचले नसते. जमीन वाळायला लागली होती आणि हातात काही नव्हतं. मीच नर्सरीवालीला बोलावून आणलं. ती रेनकोटात आली, फांदी बघितली, दोरीवर वाळत असलेली ती बटणांची बाही बघितली आणि डोक्याला हात लावला.

"धंदा काय तुमचा?"

"कपडे शिवतो."

"तरीच. अहो मास्तर, झाडालाही रफू येतं! तुम्ही एवढीशी फट ठेवलीत, त्यानं शिवून टाकली. आणि बटणं कशाला? म्हणजे रोज उघडून बघत होतात!"

"साल वाया गेली असती..."

"हे कापड नाही. इथं वाया घालवायचीच असते. हात आखडलात तर झाड जिंकतं."

खिडकीआड धाकटी होतीच. लगेच मला निरोप आला. "त्यांना सांगा, झाडाचं रफू त्यांच्यापेक्षा बारीक आहे."

नर्सरीवालीनं दुसरी फांदी निवडून दिली, सुरी हातात दिली आणि स्वतः मागं हात बांधून उभी राहिली. भावजींनी आतापर्यंत लोकांच्या लग्नाची महागामोलाची कापडं श्वासही न रोखता कापलीत. पण दोन बोटं साल काढायला सुरी तीनदा टेकवली आणि तीनदा उचलली! काढली. खरवडली, पांढरं लाकूड उघडं पडेपर्यंत. शर्ट घालून द्यायच्या त्या पारदर्शक पिशव्या असतात ना, त्यातली एक फाडून गुंडाळली. निघताना बाई म्हणाली, "आतून पांढरी मुळं दिसतील. तेव्हा हात लावायचा नाही. तपकिरी झाली की कापायचं. आणि लागली तर येऊन सांगा मला. सगळे विचारून जातात, परत येऊन कुणी सांगत नाही."

आता भावजी लांबूनच बघायचे. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभे राहून, नाकावर चष्मा, हात पाठीमागं, जसं काही कुणी त्यांना शिक्षा केलीये. आणि दुपारी, ते मशीनवर असताना, धाकटी बाहेर यायची. गुटीवर ऊन पडायला लागलं की ती दोरीवर जुनी चादर अशी वाळत घालायची, की सावली नेमकी तिथं पडावी. चादर कोरडी असायची, बरं का. मला वरून सगळं दिसत होतं. पण हा निरोप मी कुणाला दिला नाही.

मुळं दिसायला लागली, शेवयांसारखी, पांढरी. तपकिरी व्हायची वाट बघतोय, तोवर सकाळी दारात झाडं तोडणारी माणसं. घरमालक हात जोडून म्हणाला, "मास्तर, आता नाही हो थांबता येत. खालून पाणी उलटं यायला लागलंय." खरंच येत होतं.

भावजी चष्मा पुसत गुटीजवळ गेले. टोकं तेवढी जराशी तपकिरी, बाकी सगळी पांढरी. आता कापली तर मरायची भीती, न कापली तर झाडाबरोबर जाणार. त्यांनी त्या माणसांतल्या एकाची करवत मागून घेतली आणि स्वतः गुटीखालून फांदी कापली. बाळ धरावं तशी दोन्ही हातांत धरून उभे. आता पानं कमी करायची होती, एवढ्याशा मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवणं झेपत नाही. तेही बाईनं शिकवलेलं. कशानं कापावी म्हणून त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आत गेले, आणि मोठी कात्री घेऊन आले.

मी बघतच राहिले. एक पान कापलं. दुसरं कापलं, ते नुसतं कडेकडेनं, कॉलर कातरावी तसं.

धाकटी दारात होती. ती म्हणाली, "कात्री बोथट होईल."

माझ्याकडं बघून नाही. त्यांच्याकडं बघून. एवढ्या दिवसांनी.

"होऊ दे," भावजी म्हणाले.

"मग द्या इकडं. तुमच्या हातून काही वाया जायचं नाही." आणि तिनं ती कात्री घेतली, जिला मी हात लावला तर माझ्याकडं तसं बघितलं होतं, ती कात्री, आणि खसाखसा निम्मी पानं उडवली. मागं करवत चालू होती. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली, तळाला भोकं पाडून, जिन्याखालच्या सावलीत. उरलेली पानंही गळली. नुसती काडी राहिली. दोघं तिच्यासमोर चहा पीत बसायची. भावजी म्हणायचे, "गेली." ती म्हणायची, "गप बसा." पण त्यांनाच म्हणायची, मला नाही. मग बऱ्याच दिवसांनी काडीच्या बगलेतून टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं काही आलं. भावजींनी पहिल्यांदा बघितलं आणि दुकान उघडं टाकून आत पळाले तिला सांगायला. वाटेत मी होते, मला ढकलून.

आता ते झाड गच्चीवर मोठ्या पिंपात आहे. पहिलं फळ धाकटीनं कापलं आणि दोन्ही अर्धुकं ताटलीत उताणी ठेवली. आतून गुलाबी. तेव्हा कुठं भावजींचा जीव भांड्यात पडला. आता कुणी मागितलं की ते गुटी बांधून देतात, शर्टाच्या पिशवीत, आणि दोन बोटांवर आणखी थोडी साल काढतात. गुलाबाची शिकले, डाळिंबाची शिकले. धाकटी मात्र जिभेला सवय लागल्यामुळं अजून मधूनच म्हणते, "जाऊबाई, त्यांना सांगा जेवायला चला."

तर निरोप पोचवायचं काम मी खूप केलंय, आता एक तुम्ही करा. हे वाचणाऱ्यांनाच सांगतेय, लिही. भावजी नर्सरीवालीला सांगायला जाणार होते. पण म्हणाले, फळ धरू दे, आतून गुलाबी निघू दे, मग खात्रीनं सांगू. फळ घेऊन गेले तर नर्सरी नव्हती. रस्ता रुंद झाला होता आणि तिथं टायरचं दुकान होतं. ती कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही. भावजी फळ घेऊन तसेच परत आले.

तुमच्या गावात कुठं उन्हातही पुरुषी रेनकोट घालून, कोपरापर्यंत मातीत बुडालेली बाई रोपं विकताना दिसली, तर तिला एवढंच सांगा. म्हणावं, मास्तरांची दुसरी गुटी लागली. आणि बटणं लावली नव्हती म्हणावं.