कवटीचा पत्ता

लेकीनं मैत्रिणीकडून समुद्री चाच्यांचा खेळ आणला. तिला कवटीचा पत्ता आला तशी मी तिची सोंगटी उचलली. म्हटलं, "तू बाहेर."

"नाही पप्पा, कवटीला एकच डाव थांबायचं. मग परत खेळायचं. लिहिलंय ना इथं."

इंग्रजीत लिहिलं होतं.

यंत्रमागावर कामाला होतो तेव्हा लिंबायतच्या खोलीत आमच्याकडे हाच खेळ होता, जुन्या बाजारातला. मी सातवीतून शाळा सोडलेली, माझा गाववाला भटू त्याच्याही आधी. कवटी म्हणजे मरण, हे आम्हीच ठरवलेलं. त्या वर्षी आखाजीच्या सणाला शेठ दोघांपैकी एकालाच सुट्टी देणार होता. खाडा केला तर माग दुसऱ्याला जाईल, ही धास्ती दोघांनाही. मग जिंकेल तो गावी जाणार, असं ठरलं. खालच्या मागांनी फरशी थरथरायची, सोंगट्या आपोआप सरकायच्या. खजिना दोन घरांवर असताना मला कवटी आली.

"डुबनं तुनं जहाज," भटू हसला. मग माझं तोंड बघून हळूच म्हणाला, "तुन्ही मायले भेटीसन येसू."

तो भेटून आला. आईनं दिलेल्या सांजोऱ्या त्यानं एकही न खाता माझ्यापर्यंत आणल्या. डब्याला तुपाचा वास होता. मी दिवाळीला जाणार होतो, त्याआधीच आई गेली. आपलं नशीबच तसं, म्हणत मी इतकी वर्षं काढली.

जिन्यात भटूच्या चपला वाजल्या. रविवारी तो आमच्याकडेच जेवतो.

"भटूकाकांना पण शिकवते," लेक उठली.

"नको," मी म्हणालो. "ते असले की कवटीला बाहेरच व्हायचं."