हळूभाऊंच्या साखळ्या

गोल्फच्या मैदानावरच्या गाड्या सांभाळणाऱ्या मिस्त्रीला सगळे हळूभाऊ म्हणत. खरं नाव काय होतं ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बावीस वर्षं हा माणूस गाडीखान्याच्या दारात उभा राहून प्रत्येक चालकाला एकच गोष्ट बजावत आला होता, "हळू! गवत आहे ते, डांबर नव्हे." एखाद्याने हिरवळीवर ओरखडा उमटवला, की हळूभाऊ गुडघ्यावर बसून तो बोटांनी सारखा करायचे आणि त्या चालकाशी दोन दिवस बोलायचे नाहीत. मैदानाच्या टोकाची, डोंगराला टेकलेली शेवटची हिरवळ तर त्यांची विशेष लाडकी. "माझा हात भाजला तेव्हासुद्धा एवढी हळहळ केली नाही या माणसाने," असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

अशा माणसावर त्या हिवाळ्यात गोल्फची गाडी चिखलातून आणि बर्फातून डोंगरावर चढवायची वेळ आली, तीही आठ दिवसांत.

कारण होती ताई. ही त्यांची थोरली बहीण, वरच्या वस्तीची फिरती नर्स. तीस वर्षं खांद्याला पिशवी लावून ती तो चढ चालत चढली होती. यंदा मात्र गुडघ्यांनी हात टेकले. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मायेनंच सांगितलं, "ताई, शनिवारपर्यंत वर जायची काही सोय झाली तर बघू. नाहीतर सोमवारपासून तुम्ही खाली टेबलावर बसा. वरचे लोक येतील खाली, जमेल तसे."

जमेल तसे म्हणजे कसे, हे ताईइतकं कुणाला माहीत असणार? वर बारा घरं. त्यात दोघींचे दिवस भरत आलेले आणि एक आजोबा अंथरुणाला खिळलेले. घरी येऊन ती पिशवी रिकामी करायला बसली. आई गेली तेव्हा हळूभाऊ पाच वर्षांचे होते. याच बहिणीने त्यांना पाठुंगळी घेऊन त्याच चढावरून शाळेत पोचवलं होतं.

"भर ती पिशवी परत," ते म्हणाले. "शनिवारी मी तुला गाडीने वर नेतो."

"कुठल्या रे गाडीने?"

"गोल्फच्या."

ताई कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला.

मैदान हिवाळ्यात बंदच असायचं. साहेबांनी कोपऱ्यात पडलेली एक म्हातारी गाडी देऊन टाकली, "मोडली तर भंगारात, चालली तर तुझी." झालं! हळूभाऊंच्या अंगात वारं शिरलं. जेवताना मिठाची डबी ही गाडी आणि पाण्याचा पेला हा डोंगर, असा खेळ सुरू झाला. बायकोला मीठ मिळेना.

आधी त्यांनी गुळगुळीत टायर काढून भंगारवाल्याकडचे खोल दातांचे टायर चढवले. त्यातली हवा निम्म्यावर आणली, म्हणजे टायर जमिनीवर ऐसपैस पसरेल. मग गाडी चिखलात घातली. अर्धा चिखल तिने झोकात पार केला आणि तिथेच बसली. एक मागचं चाक गरगर फिरत होतं, दुसरं ढिम्म.

"ही या गाडीची जुनी खोड," बायकोच्या पदरावरचा चिखल पुसत हळूभाऊ म्हणाले. "ज्या चाकाची पकड सुटते, सगळा जोर त्यालाच जातो. मागे वजन हवं, म्हणजे दोन्ही चाकं दाबून राहतील." त्यांनी मागे वाळूची दोन पोती टाकली. तेवढ्याने भागेना, तेव्हा बायकोकडे पाहिलं.

"बसते," ती म्हणाली. "लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या वजनाचं आज पहिल्यांदा कौतुक होतंय."

आणि गाडी निघाली! चिखल दोन्ही बाजूंनी उडवत, हलत-डुलत पलीकडे पोचली. बायको एवढ्या जोरात ओरडली, की मैदानाचा माळी फावडं घेऊन धावत आला.

राहिला बर्फ. त्यासाठी जुन्या फाटकाच्या साखळ्या सोडवून हळूभाऊंनी शिडीसारख्या गुंफल्या आणि मागच्या चाकांवर ताणून बसवल्या. शुक्रवारी ते शीळ घालत होते.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई जातीने हजर. ताई पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली, बायको मागे पोत्यांच्या सोबतीला. चिखल तर सहज गेला. पण पहिल्याच बर्फाळ वळणावर चाकं घसरली आणि गाडी अलगद मागे आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ताईने पिशवीचा बंद घट्ट धरला. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे पाहू लागल्या.

बायको खाली उतरली, चाकाशी वाकली आणि ओरडली, "अहो! या साखळ्यांना मोजे कुणी घातले?"

खरंच की! प्रत्येक कडीवर रबरी नळीचा तुकडा कसा नेटका, मापात कापून चढवलेला. हळूभाऊ बघतच राहिले.

"गवताला लागू नये म्हणून..." ते पुटपुटले. बावीस वर्षांच्या सवयीने हातांनी काम उरकलं होतं, डोक्याला पत्ताच नव्हता. आधी ताई हसली, मग डॉक्टरीणबाई, आणि शेवटी हळूभाऊ स्वतः चाकू काढून हसत हसत नळ्या सोलायला बसले.

आता कड्या उघड्या झाल्या होत्या. पण चढावर उभ्या गाडीला सुरुवात मिळेना. वेग सपाटीवरच घ्यायला हवा होता, आणि वळणाच्या पायथ्याशी सपाट जागा एकच होती. पातळ बर्फाखाली झोपलेली ती शेवटची हिरवळ.

"राहू दे रे," ताई हळूच म्हणाली. तिला ठाऊक होतं.

हळूभाऊंनी गाडी मागे घेतली, थेट हिरवळीच्या मधोमध. मग पायाचा भार अगदी बेताने वाढवत नेला, न धसका, न घाई. नावाला जागले. साखळ्यांनी गवत फाडलं, त्याचा आवाज त्यांना ऐकू आला. वळण आलं, कड्या कचकच बर्फात रुतल्या आणि गाडी चढू लागली! "चढली! चढली!" मागून बायको पोत्यावर थापा मारत होती. वर बारा घरांची दारं एकेक करून उघडत होती आणि ताई लहान मुलीसारखी हात हलवत होती.

"अरे, जोरात घे की!" ती म्हणाली.

"हळू," हळूभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बर्फ वितळला तेव्हा हिरवळीवर दोन खोल चर उघडे पडले. माळी माती आणि बी घेऊन आला. हळूभाऊंनी त्याला परत पाठवलं. नवा चालक आला, की ते आजही त्याला तिथे नेऊन उभं करतात.

"बाकी कुठे ओरखडा दिसला तर माझ्याशी गाठ आहे," ते बजावतात. "हे तेवढे राहू द्यायचे. माझी ताई इथून कामावर जाते."