हलणारा सा

माझी मुलगी पियानोवर जॅझ वाजवते. मी तीस वर्षं डोंबिवलीत भजनी मंडळांना पेटीची साथ केली. साथीदाराचा धर्म एकच: गाणारा पुढे, पेटी मागोमाग. पुढे धावणाऱ्या पेटीवाल्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

पुढच्या महिन्यात ती शिकायला परदेशी जाणार. म्हणाली, "बाबा, त्याआधी एकदा माझ्याबरोबर वाजव ना." लहानपणी तिने पेटी सोडली तेव्हा मी नाही नाही ते बोललो होतो. त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलंच नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपच्या माळ्यावर त्यांची तालीम चालते. ड्रमवाला, बास गिटारवाला, ती, आणि सतरंजीवर मांडी घालून मी. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, एवढंच ना? त्यात काय, मी मनात म्हटलं. पण आमचा सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. इथे तिची कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांचा जुडगा, बदलली की आत्ता गोड लागलेला सूर लगेच टोचायचा. दुसरा सापडेपर्यंत तिसरी कॉर्ड आलेली असायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणच चालायला लागलं होतं.

मग तिने मानेने खूण केली, आता तू. मी तिचीच ओळ तिच्या मागोमाग वाजवली.

"अरे बाबा, तू पुढे जा. मी येते ना मागून."

पुढे कसं जायचं ते मला कळतच नव्हतं. दोनदा, तीनदा तेच झालं. आपल्याच पोरीसमोर इतकं लाचार मला कधी वाटलं नव्हतं.

चौथ्यांदा तिने बासवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि एकच कॉर्ड वाजवत राहिली. सा हलायचा थांबला. मी आपला भूप वाजवला, बराही वाजला. ड्रमवाला म्हणाला, "काका, कडक!"

मी तिच्याकडे पाहिलं. एरवी पियानोभर पळणारी तिची बोटं त्याच चार पट्ट्यांवर बसून होती, आणि ती शांतपणे माझ्या हातांकडे बघत होती. ती पाच वर्षांची असताना मीही असाच एक सूर धरून बसायचो, तिला जमेपर्यंत.